लेकरू खोटे का बोलते?



गेल्या महिन्यात उदगीरकडच्या एका भगिनीचे चार पानी पत्र आले. पहिली दोन पाने ख्यालीखुशालीत गेली, तिसऱ्या पानावर खरे दुखणे उतरले. त्यांचा मुलगा नऊ वर्षांचा आहे, चौथीत शिकतो. खोटे बोलतो. गुरुजींनी वहीवर शेरा मारला की ते पानच फाडून टाकतो. दुकानातून साखर-चहापत्ती आणायला धाडले की पाच-दहा रुपये कमी परत आणतो आणि विचारले तर दुकानदारावर ढकलतो. धाकट्या बहिणीला चिमटे काढतो, तेही कोणी पाहत नाही असे बघून. वडील ऑटो चालवतात. रात्री दमूनभागून येतात, दारातच तक्रार कानावर पडते आणि मग पट्टा निघतो. पुढचे भगिनींच्याच शब्दांत देते. "ताई, मार खाऊन खाऊन लेकरू निगरगट्ट झालंय. आता तर रडत बी नाही. त्याला हॉस्टेलला टाकावं का, एवढंच कळवा."

एवढेच कळवून भागण्यासारखे हे नाही. म्हणून आजची सगळी जागा या एका पत्राला देते. पाककृती आणि आजीबाईचा बटवा मागणाऱ्या भगिनींनी या खेपेस मला माफ करावे.

"रडत बी नाही" या शब्दांवर मी बराच वेळ थांबले. आईला वाटते लेकरू कोडगे झाले. मला वाटते लेकराने हिशेब शिकून घेतला. मार किती वेळ चालतो, कुठे लागतो, कधी थांबतो, हे त्याला पाठ झाले आहे. जे पाठ झाले त्याची भीती उरत नाही, फक्त ते चुकवायचे कसे एवढाच विचार उरतो. आणि चुकवण्याचा सर्वांत सोपा मार्ग खोटे बोलण्याचा.

नांदेड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांतून मी चौतीस वर्षे शिकवले. छडी माझ्याकडेही होती, खोटे कशाला सांगू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने कलम १७ खाली शाळेतल्या मारावर आणि मानसिक छळावर बंदी आणली, तेव्हा ती कपाटावरून खाली उतरली आणि पुढे चुलीत गेली. पण मी सांगते ती गोष्ट छडीच्या आधीची आहे. जून महिन्यात पहिलीच्या वर्गात नवी लेकरे यायची. शाळेचा पहिला दिवस. फळ्याच्या वरच्या कडेला तारीख लिहायला मी हात वर करायची आणि पुढच्या रांगेतली दोन-तीन लेकरे हमखास डोक्यावर हात धरून खाली वाकायची. मी त्यांचे नावही अजून विचारलेले नसायचे. मोठ्या माणसाचा हात वर गेला की तो आपल्यावरच पडणार, एवढे शिकून ती घरून आलेली असायची.

ही लेकरे पुढे दोन वाटांनी जायची. काही इतकी गप्प की पाढा तोंडपाठ असूनही उभे केले की ओठ उघडायचे नाहीत. काही मधल्या सुटीत आपल्याहून लहान असेल ते हुडकून बदडायची. पालकसभेला मी हे सांगितले की वडील अभिमानाने म्हणायचे, "बाई, घरी तर एकदम शांत राहतो. माझ्या धाकात आहे." धाकात होता, त्यात शंका नाही. पण तो धाक घराच्या उंबऱ्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत जेमतेम टिकायचा.

आता स्वतःच्या घरचे सांगते. दुसऱ्याच्या लेकरावर बोलणे सोपे असते.

२००४ साली माझा मुलगा सात वर्षांचा होता. पगाराच्या फरकाचे पैसे आले होते, त्यातून मी मिक्सर घेतला. आमच्या गल्लीत तेव्हा मिक्सर असलेली घरे मोजकीच. पोराने एके दुपारी त्यात मूठभर चिंचोके टाकले आणि बटण फिरवले. पाते तुटले, भांड्याला चीर गेली. मी शाळेतून आले तर तो ओसरीवर वाट बघत उभा. मी चप्पल काढायच्या आत म्हणाला, "आई, मिक्सर मी मोडला." मी दोन थोबाडीत लगावल्या. माझ्या मनात ती शिक्षा मिक्सर मोडल्याची होती. पण मिक्सर मोडून तीन तास झाले होते. मार पडला तो आईजवळ येऊन खरे सांगितल्यानंतर अर्ध्या मिनिटात. लेकराने कशाची गाठ कशाशी बांधली असेल?

हा विचार मला त्या दिवशी सुचला नाही. अकरा वर्षांनी सुचला.

२०१३ साली तो चांगल्या मार्कांनी दहावी झाला आणि आम्ही त्याला लातूरला ठेवले. लातूर पॅटर्नचे नाव मराठवाड्यातल्या आईबापांना सांगायला नको. गुणवत्ता यादीत लातूरची मुले झळकू लागली तेव्हापासून नांदेड, परभणी, बीड, धाराशिवकडची घरे लेकरू आणि कर्ज एकाच वेळी लातूरला पाठवत आली. पुढे नांदेडातही क्लासची तशीच बाजारपेठ उभी राहिली, तरी लातूरचा दबदबा होताच. मी पतसंस्थेचे कर्ज काढले. खोली घेतली, मेस लावली. लोहा-अहमदपूर मार्गाची एसटी, साडेतीन तासांचा रस्ता. दर पंधरवड्याला मी चटणी, तीळ-शेंगदाण्याचे लाडू, धुतलेले कपडे घेऊन जायची. दर रविवारी रात्री त्याचे वडील फोन लावायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, "किती पडले?" तब्येतीचा प्रश्न दुसरा. कधीकधी तो राहूनही जायचा.

त्या वेळची सीईटी दोनशे गुणांची होती. सराव परीक्षेचे आकडे तो सांगायचा: एकशे बावन्न, एकशे साठ, एकशे सहासष्ट. आकडे कसे व्यवस्थित चढत होते पाहा. मी तर शाळेत सहकाऱ्यांना सांगून बसले होते. जून २०१५ मध्ये निकाल लागला तेव्हा गुण साठच्या घरात निघाले. त्या दिवशी पोरगा घरी आला नाही. फोन बंद. दोन रात्री आम्ही कशा काढल्या ते इथे लिहीत नाही. वसतिगृहातल्या मुलांच्या ज्या बातम्या पेपरात येतात त्या सगळ्या त्या दोन रात्रींत डोळ्यांपुढून गेल्या. तिसऱ्या दिवशी पूर्णेहून माझ्या भावाचा फोन आला, की पोरगा इकडे आहे, काही बोलत नाही, जेवतो आणि झोपतो.

नंतर कळले, बारावीच्या वर्षी डिसेंबरापासून तो क्लासला गेलाच नव्हता. दिवसभर गंजगोलाईत फिरायचा, बसस्थानकावर बसायचा, संध्याकाळी खोलीवर. मी पूर्णेला गेले, शेजारी बसले आणि विचारले, "अरे, एकदा तरी खरं सांगायचंस." तो म्हणाला, "सांगून काय झालं असतं?" रागाने नाही, भांडायला म्हणूनही नाही. खरोखरच काय झाले असते ते त्याला माझ्याकडून जाणून घ्यायचे होते. माझ्याजवळ उत्तर नव्हते. तेव्हा मला ओसरीवर उभे राहिलेले सात वर्षांचे पोर आठवले.

गंमत अशी की पुढे मी त्याच्याकडे मिक्सरचा विषय काढला तर त्याला तो अजिबात आठवत नव्हता. त्याला आठवत होता वडिलांच्या मोटारसायकलचा आवाज. तो आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की टीव्ही बंद करून पुस्तक उघडायचे आणि श्वास रोखून बसायचे. पुस्तकाचे पान कोणते उघडले हे त्याने कधी पाहिले नाही, असे म्हणाला.

खोटेपणाची आणि माराची ही गाठ परदेशात अभ्यासकांनी तपासून पाहिली आहे. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या दोघांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. पश्चिम आफ्रिकेतल्या दोन खासगी शाळा त्यांनी घेतल्या. एकीत चूक झाली की छडी, चापट, चिमटा, तोही सर्वांसमोर. दुसरीत समज देणे, फार तर कार्यालयात पाठवणे. तीन-चार वर्षांच्या बालकांना एकेकटे बसवून सांगितले की मागे खेळणे ठेवले आहे, वळून बघू नकोस. बाई बाहेर गेल्या की दोन्ही शाळांतल्या बहुतेक बालकांनी वळून पाहिले, बालकेच ती. पण नंतर "पाहिलेस का?" असे विचारल्यावर माराच्या शाळेतली बालके जास्त खोटे बोलली आणि ते खोटे अधिक सफाईने निभावून नेले. मार खाणारे लेकरू वळून पाहायचे थांबले नाही. पकडले कसे जायचे नाही, हे मात्र त्याने तीन वर्षांच्या वयात शिकून घेतले.

आपल्याकडे याच विषयावर, आपल्याच लेकराशी बोलतानाचा एक जुना प्रसंग आहे, आणि विहारात तो मी अनेकदा सांगितला आहे. राहुल सात वर्षांचा असताना तथागतांनी त्याला खोटे बोलण्याविषयी समजावले, असे अट्ठकथा सांगते. पाय धुऊन झाल्यावर भांड्यात थोडेसे पाणी ठेवले आणि राहुलला ते दाखवले. मग ते ओतून दिले, भांडे पालथे केले, पुन्हा सरळ करून रिकामे दाखवले, आणि दर वेळी एकेक प्रश्न. जाणूनबुजून खोटे बोलायला ज्याला लाज वाटत नाही त्याचे आतले चांगुलपण असे उरते, हे पोराने डोळ्यांनी पाहिले. नंतर आरशाचा दाखला दिला: करण्याआधी, करताना आणि केल्यावर आपले कृत्य न्याहाळावे, आणि चूक झालीच तर जाणत्या माणसाजवळ ती उघड करावी. या शेवटच्या भागाकडे आपण आईबाप लक्ष देत नाही. चूक उघड करायची तर समोर असे माणूस हवे की ज्याच्याजवळ ती उघड करता येईल. ती बाजू लेकराची नाही, आपली आहे.

याच ओघात सिगाल या तरुणाला केलेला उपदेशही आठवतो. मुलांनी आईबापांची सेवा कशी करावी याच्या पाच गोष्टी आपण लेकरांना ऐकवतो. त्याच्या पाठोपाठ आईबापांनी मुलांसाठी करावयाच्या पाच गोष्टीही येतात: वाईटापासून आवरणे, चांगल्याकडे वळवणे, विद्या-हुन्नर शिकवणे, योग्य जोडीदार पाहणे, वेळेवर वारसा हाती सोपवणे. त्या पाचांचे पाठांतर मी तरी कोणत्या कार्यक्रमात ऐकलेले नाही.

आता कोणी म्हणेल, बाई, तुम्ही सगळा दोष आईबापांवर टाकता. तसे नाही. आपल्या घरातला मार कुठून आला तेही बघायला हवे. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, तेव्हा मी बारा वर्षांची होते. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना त्याच दिवसांत मारले गेले. आम्ही भावंडे रात्री एका खोलीत, दिवा विझवून. धाकटा भाऊ रडला की आई त्याच्या तोंडावर हात दाबायची आणि दुसऱ्या हाताने चापट द्यायची. तिला आम्ही गप्प राहायला हवे होतो, कारण आवाजाची किंमत तिला माहीत होती. तिने आम्हाला नंतरही मारले. पाटलाच्या पोराशी भांडलो तर मारले, उलट बोललो तर मारले. "बाहेरच्यानं मारण्यापरीस मी मारलेलं बरं," असे ती म्हणायची. त्या मारात तिची माया होती, हे मी आज जाणते.

पण ते दिवे १९७८ साली विझवले होते. माझ्या मुलाच्या वेळी घरात लाईट होती, नोकरी होती, बाहेर दबा धरून कोणी बसलेले नव्हते. तरीही माझा हात आईच्याच वेगाने उठला. भीती गेली आणि भीतीची सवय राहिली.

आणि हे माझ्या एकटीच्या घरचे नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालकांच्या छळाविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्रासह १३ राज्यांतली १२,४४७ मुले त्यात होती. दर तीन मुलांमागे दोन मुलांनी शारीरिक मार सोसला होता. घरात मार खाल्लेल्यांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे त्यांचे आईबापच होते. शाळेत कायदा आला, घरात तसा कायदा आपल्याकडे नाही. स्वीडनने तो १९७९ सालीच केला. कायद्याने घर सुधारते का, यावर वाद घालता येईल. पण मारून मूल सुधारते का, यावर आता फारसा वाद उरलेला नाही. एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ साली पन्नास वर्षांतले ७५ अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यांत मिळून सुमारे १,६०,००० मुले होती. चापट खाऊन मुले अधिक आज्ञाधारक झाली असे त्यांना दिसले नाही. दांडगाई, मनाचे आजार आणि आईबापांशी दुरावा यांच्याशीच माराचा संबंध दिसला.

मग धाकच नको का? हा प्रश्न मला प्रत्येक महिला मेळाव्यात विचारला जातो. माझे उत्तर सुभेदार रामजींच्या घराकडे बोट दाखवते.

रामजी सकपाळ मऊ माणूस नव्हते. लष्करी शाळेचे मुख्याध्यापक, घरात कडक शिस्त, सकाळ-संध्याकाळ मुलांकडून पाठांतर आणि वाचन. परळच्या चाळीतल्या एका खोलीत ते भीमाला लवकर निजवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग त्याला अभ्यासाला उठवून त्याच्या जागेवर आपण झोपत. पुस्तकासाठी पैसे नसले की लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन दागिना मागून आणत, तो गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवत. हे सगळे आपण जयंतीच्या भाषणांत ऐकतो. पण बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली जी प्रस्तावना लिहिली, तिच्यातला बापलेकाचा एक प्रसंग भाषणांत क्वचित येतो.

भीमराव इंग्रजी चौथी पास झाले तेव्हा त्यांचा सत्कार झाला आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. ते वाचून मुलगा वडिलांना विचारू लागला: तुम्ही आम्हाला बुद्धाचे साहित्य का दिले नाही, आणि ज्यांत ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा व शूद्र-अस्पृश्यांची हीनता पुन्हा पुन्हा सांगितली आहे ती महाभारत-रामायणे आमच्याकडून का वाचून घेता? वडिलांना प्रश्न आवडला नाही. असले वेडगळ प्रश्न विचारू नका, तुम्ही मुले आहात, सांगितले तेवढे करा, असे त्यांनी बजावले. त्यांचा दरारा जुन्या रोमन घरधन्यासारखा होता, असे बाबासाहेबच लिहितात. आई लहानपणी वारलेली, आत्याने सांभाळलेला हा मुलगा तेवढा थोडी मोकळीक घेई. म्हणून काही दिवसांनी त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. आणि या वेळी वडील उत्तर तयार ठेवून बसले होते. आपण अस्पृश्य आहोत, तुमच्या मनात न्यूनगंड येईल अशी मला भीती वाटते. द्रोण, कर्ण हे साधे लोक किती उंचीला गेले, वाल्मीकी तर कोळी होता, हे तुम्हाला कळावे म्हणून वाचायला लावतो, असे त्यांनी सांगितले. मुलाचे समाधान झाले नाही आणि तसे त्याने तोंडावर सांगितलेही. वडील गप्प राहिले. हे बंड आहे, हे त्यांनी ओळखले.

भगिनींनो, पहिल्या दिवशी रामजींनी जे केले तेच आपण रोज करतो. त्यात काही विशेष नाही. विशेष आहे ते दोन प्रश्नांच्या मधल्या दिवसांत. ज्या बापाचा शब्द घरात शेवटचा, तो पोराचा प्रश्न मनात घेऊन फिरला आणि त्याचे उत्तर शोधून आला. आणि ते उत्तर पोराने नाकारले तेव्हा गप्प राहिला. पुढे त्या मुलाने कोणाकोणाला प्रश्न विचारले ते आपल्याला ठाऊक आहे. ती सवय परळच्या खोलीत मोडली गेली नाही, म्हणून ती बाहेर चालली.

डायना बॉमरिंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात बर्कले येथे आईबापांच्या तऱ्हा नोंदल्या: नुसता हुकूम चालवणारे, नुसते लाड करणारे, आणि नियम पक्के ठेवून त्यांचे कारण सांगणारे, मुलाचे ऐकून घेणारे. तिसऱ्या घरातली मुले जास्त सावरलेली आणि चारचौघांत मिसळणारी दिसली. त्या बाईंनी १९७२ साली कृष्णवर्णीय घरांचा अभ्यास मांडला तेव्हा कडक घरांतल्या मुलीही धीट निघाल्या. म्हणजे गोऱ्यांच्या बंगल्यातले माप सगळीकडे जसेच्या तसे बसत नाही. कडकपणामागे जीव लावणारे माणूस आहे की नुसता राग, हे लेकराला कळते. सुभेदारांचे घर या मापात कुठे बसते ते तुम्हीच ठरवा.

लाड करणाऱ्यांविषयी दोनच वाक्ये. आपण उपाशी राहिलो म्हणून पंधरा वर्षांच्या पोराला मोटारसायकल देणे ही माया नव्हे. त्याला "नाही" म्हणायला आपल्याला जड जाते, एवढेच त्यात आहे.

मुलींचे मात्र वेगळे सांगायला हवे. मुलीला मुलाइतका मार बसत नसेल, पण तिचे तोंड त्याहून लवकर बंद होते. माझ्या शेवटच्या शाळेत सातवीतली एक हुशार मुलगी महिनाभर अधूनमधून गैरहजर राहू लागली. खोदून विचारले तेव्हा कळले, रस्त्यात एक मोठा मुलगा रोज मागे येत होता. "घरी सांगितलंस का?" "नाही बाई. सांगितलं तर शाळा बंद करतील." तिचे काहीही चुकले नव्हते, तरी शिक्षा कोणाला होणार हे तिला पक्के माहीत होते. अशा घरात मुलगी धोका सांगत नाही आणि आईला वाटते सगळे ठीक चालले आहे. १०९८ हा बालकांचा मदत क्रमांक आहे, तो लेकरांना पाठ करून द्याच. पण तो नंबर फिरवण्याआधी लेकराला आईचा चेहरा आठवावा, असे मला वाटते.

आता उदगीरच्या भगिनींना. हॉस्टेलचे विचारलेत. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांना दसरा-दिवाळीनंतर काही महिने लेकरू मागे ठेवावे लागते, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह हा आधार आहे. तुमची तशी अडचण नाही. नऊ वर्षांच्या पोराला शिक्षा म्हणून हॉस्टेलला टाकले तर त्याला एवढेच कळेल की खोटे पकडले गेले की घरही जाते. मोठ्या मुलांच्या बाबतीतसुद्धा, जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये असे सांगितले आहे. माझा पोरगा लातूरला गेला तेव्हा सोळाच्या आसपासच होता.

पत्रात तुम्ही सहज लिहिले आहे की पती दारात येताच तुम्ही तक्रार सांगता. ते आधी थांबवा. दिवसभर पोरगा तुमच्याजवळ असतो, चूक दुपारी होते आणि शिक्षा रात्री बापाच्या हातून. बापाला तुम्ही घरचा पोलीस करून ठेवले आहे. तो माणूसही कंटाळला असेल. त्याला हातपाय धुऊ द्या, जेवू द्या. मग दिवसभराची कमाई मोजायचे काम पोराला द्या, बापाशेजारी बसून. हो, दहा रुपये लपवणाऱ्या पोरालाच. नोटा वेगळ्या, चिल्लर वेगळी, पेट्रोलचे वेगळे काढायचे आणि वहीत लिहायचे. दहा रुपये म्हणजे किती सवाऱ्या, हे त्याला तिथे कळेल. एखाद्या दिवशी हिशेब चुकेल. तेव्हा पट्ट्याकडे हात न जाता पुन्हा मोजायला सांगा.

दुकानदारावर घेतलेला आळ तसाच सोडू नका. तुम्ही सोबत जा, आणि पोराने स्वतः दुकानदाराला सांगावे की काकांनी पैसे बरोबर दिले होते. तुम्ही बाजूला उभे राहा, पण त्याच्या वतीने बोलू नका आणि गल्लीत तमाशा होऊ देऊ नका. फाडलेल्या पानांबद्दल गुरुजींना भेटा आणि शेरे लाल शाईत वहीवर लिहिण्याऐवजी काही दिवस तुम्हाला समक्ष सांगायची विनंती करा. ऐकतात बहुतेक गुरुजी. बहिणीच्या चिमट्यांचे तूर्त राहू द्या, फक्त तिला एकटी सोडू नका. वरचा मार थांबला की खालचे चिमटे कमी होतात, असे मी वर्गात अनेकदा पाहिले आहे.

एक इशारा. मार बंद झाल्यावर काही दिवस पोरगा जास्त वात्रटपणा करील. तुमचा शब्द खरा आहे का ते तो तपासून बघणार. आणि एके दिवशी तो आपणहून येऊन काहीतरी सांगेल, आणि ते चांगले नसेल. काहीतरी फुटले असेल, हरवले असेल, कोणाला लागले असेल. तो क्षण फार अवघड असतो. मला तो जमला नव्हता.

माझा मुलगा आज नोकरीला आहे, डॉक्टर नाही. त्याला तीन वर्षांची मुलगी आहे. मागच्या महिन्यात तिने माझा चष्मा पलंगावरून पाडला, काच तडकली. ती तो घेऊन बापाकडे गेली आणि म्हणाली, "मी पाडला." त्याचा चेहरा क्षणभर ताठ झाला, मी पाहत होते. मग तो खाली बसला आणि म्हणाला, "चल, आजीला सांगू या." दोघे माझ्याकडे आले. मीही काही बोलले नाही. काच नांदेडात दुसऱ्या दिवशी बसवून मिळाली.

उदगीरच्या भगिनींनी महिन्याने पुन्हा लिहावे. पतींनाही एक ओळ लिहायला सांगावी. आणि पत्राच्या शेवटी दोन ओळी पोराकडून लिहून घ्याव्यात, त्याला वाटेल त्या. त्या मी या सदरात छापणार नाही आणि शुद्धलेखनही तपासणार नाही.